जपानची जोडीनं भटकंती आणि अ‍ॅनिमे-खरेदी: टोकियो शेवटी ठेवा

जपानच्या बहुतेक सहली टोकियोपासून सुरू होतात आणि ओसाकाला संपतात. नुसतं फिरायचं असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण दोघांपैकी एकालाही जपानी कार्टूनपटांचं म्हणजे अ‍ॅनिमेचं, फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), मांगा (जपानी चित्रकथा), जोडायची मॉडेल किट, गाशापोन (नाणं टाकून फिरवायच्या यंत्रातली खेळणी) यांचं वेड असेल तर हा क्रम उलटा करा. ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरा, मग क्योतो, आणि शेवटी टोकियो करून तिथूनच परत या. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडला की जाताना एक शहर आणि येताना दुसरं घेता येतं. बरेचदा भाड्यात फारसा फरक पडत नाही, आणि बुलेट ट्रेनचा एका बाजूचा खर्च वाचतो.

कारण साधं आहे. खरेदीचा सगळ्यात मोठा साठा टोकियोत आहे, आणि फिगरचे खोके वजनाला हलके पण जागेला भारी असतात. टोकियो आधी केलं तर तिसऱ्या दिवशीच बॅगा भरतात. मग तेच खोके क्योतोच्या गच्च बसमध्ये आणि ओसाकाच्या अरुंद खोलीत सांभाळत बसावं लागतं. टोकियो शेवटी ठेवलं तर आधीचे सहा दिवस हलक्या बॅगेनं जातात आणि ओसाकात भावांचा अंदाजही आलेला असतो.

दुसरा नियम दिवसाच्या आखणीचा. जपानमधली बरीच देवळं सकाळी लवकर उघडतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. अ‍ॅनिमेची बरीच दुकानं मात्र सकाळी अकरा-बाराच्या आधी दार उघडत नाहीत आणि रात्री आठपर्यंत चालतात. एकाला देवळं-बागा आवडतात आणि दुसऱ्याला दुकानं, अशी जोडी असेल तर भांडायचं कारणच उरत नाही: सकाळ देवळांची, दुपारनंतर दुकानांची.

कधी जायचं

मुलांच्या शाळेमुळे किंवा नोकरीमुळे आपल्याकडची सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते. त्यात २९ एप्रिल ते ५ मे हा 'गोल्डन वीक' टाळाच. सगळा जपान त्या आठवड्यात बाहेर पडतो, हॉटेलांचे भाव चढतात आणि नोझोमी या सगळ्यात जलद बुलेट ट्रेनमध्ये विनाआरक्षण डबेच नसतात. १० मेनंतर गर्दी ओसरते आणि हवाही छान असते. जूनमध्ये पावसाळा, ऑगस्टमध्ये घामट उकाडा, सप्टेंबरमध्ये वादळं. दिवाळीची सुट्टी या सहलीला सगळ्यात उत्तम. नोव्हेंबरमध्ये क्योतोत पानं लाल होतात, हवा कोरडी असते आणि पायी फिरायला त्रास होत नाही.

व्हिसाच्या कागदांत आपल्याकडची माणसं कुठे अडतात

महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा जपानी वाणिज्य दूतावास आहे आणि अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. पासपोर्ट, अर्ज, फोटो, दिवसवार प्रवासयोजना, हॉटेल आणि विमानाची बुकिंगं, बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं हा मुख्य संच. सातारा-सांगलीकडे तीन गोष्टी हमखास अडतात.

पहिली पतसंस्थेची. बऱ्याच घरांची बचत पतसंस्थेत असते आणि बँक खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे दिसतात. अर्जाच्या आठवडाभर आधी मोठी रक्कम खात्यात टाकली तर ती उसनी वाटते. सहलीचा खर्च निदान सहा महिने आधी बँक खात्यात आणून ठेवा.

दुसरी शेतीच्या उत्पन्नाची. ऊस किंवा द्राक्षाचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रात आकडा लहान दिसतो. अशा वेळी कारखान्याची ऊसबिलं बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, सात-बारा आणि हे सगळं समजावणारं एक पानी इंग्रजी पत्र जोडा.

तिसरी नावाची. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या.

ई-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरूनच उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणून उतरल्या क्षणी चालू होईल असं ई-सिम किंवा रोमिंग घरूनच घेऊन निघा. 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर दोघांची माहिती भरून क्यूआर कोडही काढून ठेवा.

औषधं महिन्याभराच्या गरजेपेक्षा जास्त नेऊ नका आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या-औषधांतले स्यूडोएफेड्रिन आणि कोडीन हे घटक ठरावीक प्रमाणापुढे जपानमध्ये चालत नाहीत, म्हणून पाकिटावरचे घटक वाचून घ्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नये. भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी, उपम्याची तयार पाकिटं बिनघोर न्या. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळायची किटली असते.

पैशांचा हिशेब

आखणीपुरता १०० येनला ६० रुपये असा भाव धरा. खालचा अंदाज दोघांचा, १२ दिवस आणि ११ रात्रींचा आहे: ओसाका ३, क्योतो ३, टोकियो ५.

हॉटेल रात्री १५,००० येन धरलं तर १,६५,००० येन. जेवण माणशी दिवसाला ३,५०० प्रमाणे ८४,०००. शहरातला प्रवास माणशी १,२०० प्रमाणे २८,८००. क्योतो ते टोकियो बुलेट ट्रेन दोघांची सुमारे २८,०००. प्रवेशतिकिटं ३०,०००. एकूण साधारण ३,३६,००० येन, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास. विमान, व्हिसा आणि खरेदी वेगळी. थीम पार्कला जाणार असाल तर ते तिकीटही वेगळं धरा. खरेदीची रक्कम माणशी ठरवून घ्या आणि शक्यतो दोन वेगळ्या कार्डांत भरा. त्याचं कारण पुढे करमाफीच्या भागात येईल.

भारतीय डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू करा. रोख हवी तर सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन मिळतात. यंत्र 'रुपयांत की येनमध्ये' असं विचारेल तेव्हा नेहमी येन निवडा, रुपयाचा दर महाग पडतो. लहान जुन्या दुकानांसाठी आणि गाशापोनसाठी रोख लागतेच. जुलै २०२४ मध्ये जपाननं नव्या नोटा काढल्या आणि काही जुनी सुट्टे पैशांची यंत्रं त्या घेत नाहीत. नोट परत आली तर घाबरू नका, पुढचं यंत्र बघा.

रेल्वे: पास नको, कार्ड घ्या

जपान रेल पासची ख्याती जुन्या भावाची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. क्योतो-टोकियो नोझोमी गाडीचं आरक्षित तिकीट सुमारे १४,००० येन आहे. एकाच दिशेनं जायचं असताना पास घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. शिवाय नोझोमीला त्या पासवर वेगळे पैसे भरावे लागतात.

शहरातल्या प्रवासाला रिचार्ज करायचं कार्ड लागतं. कान्साई विमानतळावर 'इकोका' कार्ड २,००० येनला मिळतं, त्यात ५०० अनामत असते. तेच कार्ड टोकियोतही चालतं. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. ओसाकात कार्ड टेकवून आत शिरायचं आणि टोकियोत बाहेर पडायचं, असंही चालत नाही, लांबच्या गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये या कार्डांना लागणारी जपानी चिप सहसा नसते, म्हणून प्लास्टिकचं कार्डच घ्या. इकोकाची अनामत पश्चिम जपानमध्येच परत मिळते. टोकियोहून निघणार असाल तर कार्ड आठवण म्हणून ठेवा आणि शिल्लक शेवटच्या दिवशी दुकानात संपवा.

बुलेट ट्रेनमध्ये एका ओळीत तीन आणि दोन अशी आसनं असतात. जोडप्यानं 'डी' आणि 'ई' मागून घ्यावीत. ती दोनाची बाजू आहे आणि फुजी पर्वतही त्याच बाजूला दिसतो. क्योतोहून निघाल्यावर शिझुओका मागे पडलं की कॅमेरा तयार ठेवा. फुजी सकाळी लवकर दिसण्याची शक्यता जास्त, दुपारपर्यंत ढग येतात.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर त्या गाडीत सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावं लागतं. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण आरक्षणाशिवाय बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. याहून सोपी वाट म्हणजे मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरनं पुढच्या हॉटेलात पाठवणं. 'ताक्युबिन' म्हणतात त्याला. क्योतो-टोकियोला बॅगेमागे साधारण २,००० ते ३,००० येन पडतात आणि बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत ठेवा.

ओसाका: भाव समजून घ्यायची जागा

मुक्काम नांबा भागात करा. विमानतळाहून नानकाई रेल्वे थेट येते आणि निप्पोनबाशीचं 'डेनडेन टाउन' पायी गाठता येतं. मुख्य रस्ता साकाइसुजी, पण अ‍ॅनिमेची खरी गर्दी त्याला समांतर असलेल्या 'ओता रोड'वर आहे. इथे पहिले दोन दिवस फक्त भाव लिहून घ्या. हव्या असलेल्या फिगरचा फोटो, कंपनी, मोजमाप आणि किंमत फोनमध्ये नोंदवा. तीन दुकानांत तीच वस्तू पाहिल्यावर बाजारभाव कळतो. हात आवरायला ही यादी फार उपयोगी पडते. अपवाद एकच: जुनी, एकुलती एक वस्तू ठीक भावात दिसली तर तिथेच घ्या. ती टोकियोत मिळेलच असं नसतं.

नव्या मालासाठी उमेदाच्या दाइमारू दुकानाचा तेरावा मजला बघा, पोकेमॉन सेंटर आणि निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीचं दुकान तिथे शेजारी-शेजारी आहेत. सकाळी ओसाकाचा किल्ला किंवा नांबा यासाका देऊळ करता येतं. देवळातला प्रचंड सिंहमुखी मंच हॉटेलपासून जवळच आहे. युनिव्हर्सल स्टुडिओला जायचं तर पूर्ण दिवस द्या आणि तिकीट घरूनच काढा. तिथल्या निन्टेंडो विभागात गर्दीच्या दिवशी वेळ ठरवून प्रवेश मिळतो. पार्कात शिरल्या शिरल्या अ‍ॅपवर ती वेळ घ्या.

क्योतो: इथे पाकीट बंद

क्योतोत खरेदी कमी आणि चालणं जास्त ठेवा. फुशिमी इनारीचं देऊळ चोवीस तास उघडं आणि विनामूल्य आहे. सकाळी सहाला पोचलात तर नारिंगी कमानींच्या वाटेवर दोघांचा फोटो कुणाच्या खांद्याशिवाय मिळतो, नऊनंतर ते अशक्य. क्योतो स्टेशनहून नारा मार्गाची साधी लोकल घ्या आणि दुसऱ्या स्टेशनवर उतरा, जलद गाडी तिथे थांबत नाही. कियोमिझुदेरा हे देऊळ सकाळी सहाला उघडतं. त्यामुळे एक सकाळ इनारी, दुसरी कियोमिझु, तिसरी आराशियामा अशी वाटणी करा. गिओन या गेइशांच्या (पारंपरिक नर्तिका-गायिकांच्या) जुन्या वस्तीतल्या खासगी बोळांत फोटो काढायला मनाई आहे, पाट्या वाचा आणि गेइशांच्या मागे धावू नका.

पॉप संस्कृतीसाठी दोन ठिकाणं. कारासुमा ओइके स्टेशनजवळचं आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये सुरू झालं. तिथल्या भिंतीभरच्या कपाटांतली हजारो पुस्तकं काढून वाचता येतात. दुसरं उजीमधलं निन्टेंडो संग्रहालय, ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलेलं. त्याची तिकिटं सोडतीनं मिळतात. निन्टेंडो खातं काढून सुमारे तीन महिने आधी अर्ज करावा लागतो. दारात तिकीट मिळेल या आशेवर जाऊ नका.

टोकियो: पाच दिवस, चार बाजार

मुक्काम उएनोत करा. अकिहाबारा तिथून यामानोते मार्गावर दोन स्टेशनं आहे, आणि नारिता विमानतळाची स्कायलायनर गाडीही उएनोहूनच निघते. हॉटेल निवडताना खोलीचं क्षेत्रफळ बघा. स्वस्त हॉटेलांत ती १२-१४ चौरस मीटरची असते आणि त्यात दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडत नाहीत. शेवटच्या दोन रात्रींना थोडे पैसे जास्त घालून मोठी खोली घेणं पॅकिंगसाठी परवडतं.

अकिहाबाराला 'इलेक्ट्रिक टाउन' दारातून बाहेर पडा. समोरच रेडिओ काइकान ही इमारत आहे, मजल्यामागून मजले फिगर, कार्ड आणि किटांचे. आधी सगळ्यात वर जा आणि खाली उतरत या, पायांचे हाल निम्मे होतात. इथे 'भाड्याची काचपेटी' हा प्रकार दिसेल. प्रत्येक चौकोनाचा मालक वेगळा असतो, त्यामुळे तीच वस्तू एका पेटीत ३,००० येनला आणि दोन पेट्या सोडून २,००० ला असू शकते. सगळ्या पेट्या बघितल्याशिवाय चावी मागू नका. जुन्या मालासाठी मांदाराके या दुकानसाखळीची आठ मजली काळी इमारत, जुन्या व्हिडिओ गेमसाठी सुपर पोटॅटो, आणि नव्या किटांसाठी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूचं योदोबाशी हे मोठं दुकान. रविवारी दुपारी चुओ-दोरी हा मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो. फोटोला ती वेळ छान, खरेदीला मात्र मंगळवार-बुधवारची दुपार बरी.

नाकानो ब्रॉडवे हे आमच्या मते चारही बाजारांत सगळ्यात रसाळ ठिकाण आहे. शिंजुकूहून चुओ जलद गाडीनं पाचेक मिनिटं, उत्तरेच्या दारातून बाहेर पडून सन मॉलच्या छताखालून सरळ चालत गेलं की १९६६ मध्ये बांधलेली ही इमारत लागते. मांदाराके १९८० मध्ये इथेच एका लहान दुकानातून सुरू झालं आणि आज त्याची डझनावारी दुकानं याच इमारतीत विखुरलेली आहेत: एकात फक्त जुने पत्र्याचे खेळ, एकात मांगा, एकात अ‍ॅनिमेची मूळ हस्तचित्रं. ही हस्तचित्रं म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पानावर हातानं रंगवलेल्या चौकटी. संगणक येण्याआधीच्या काळातली प्रत्येक चौकट एकुलती एक असते. पातळ, सपाट आणि बॅगेच्या तळाशी मावणारी अशी दुसरी आठवण शोधून मिळणार नाही. दुकानं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात आणि बुधवारी काही बंद असतात, तो वार टाळा. सूर्यप्रकाशात रंग उडतो, म्हणून घरी फ्रेम करून थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

इकेबुकुरोत अ‍ॅनिमेट या दुकानसाखळीचं मुख्य दुकान आणि सनशाइन सिटी हे व्यापारी संकुल. इथला माल बॅज, अ‍ॅक्रिलिक उभ्या प्रतिमा, फाइल असा चपटा आणि हलका असतो. सनशाइन सिटीतल्या गाशापोनच्या दालनात तीन हजारांवर यंत्रं आहेत. एक फिरकी साधारण ३०० ते ५०० येन, आणि बहुतेक यंत्रांत १०० येनची नाणीच चालतात. हवी ती वस्तू येईपर्यंत फिरवत बसू नका. अकिहाबाराच्या दुकानांत उघडलेल्या गाशापोनच्या वस्तू सुट्या विकतात, नेमकी हवी ती तिथे निवडून मिळते. रिकामी प्लास्टिकची गोळी दुकानातल्याच डब्यात टाका.

शिबुयात पार्को इमारतीचा सहावा मजला पुरेसा आहे, निन्टेंडो, पोकेमॉन आणि 'जम्प' हे मांगा मासिक यांची दुकानं एकत्र. तिथेच जोडून हाचिको कुत्र्याचा पुतळा, शिबुयाचा चौक, आणि सकाळी मेइजी देवस्थान करा. आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ दुसऱ्या सकाळी सात वाजता, दुकानं उघडण्याआधी.

मिताकाचं, घिबली या अ‍ॅनिमे स्टुडिओचं संग्रहालय आखणीत असेल तर तिकीट दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्यासाठी खुलं होतं, जपानच्या सकाळी दहाला. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेसहाला. त्या वेळी दोघांनी दोन फोनवर रांगेत बसा. प्रौढांना १,००० येन, आत फोटोला बंदी.

फिगर घेताना काय तपासायचं

स्वस्तातला प्रकार म्हणजे 'प्राइझ' फिगर. त्या पंजाच्या यंत्रातून जिंकायच्या असतात, पण दुकानांत १,००० ते ३,००० येनला आयत्या मिळतात. पंज्याचा खेळ दोघांनी मिळून १,००० येन ठरवून खेळा. अडलं तर कर्मचाऱ्याला हाक मारा, ते वस्तू पुन्हा सोयीच्या जागी ठेवून देतात. त्यापुढे १/७ किंवा १/८ मापाच्या, म्हणजे पात्राच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या फिगर, साधारण १५,००० येनपासून वर. रंगकाम आणि चेहऱ्याची रेखीवता यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तीन 'प्राइझ' फिगरपेक्षा एक चांगली मापाची फिगर घरी गेल्यावर जास्त समाधान देते, हे आमचं ठाम मत.

जुन्या मालाच्या चिठ्ठीवर 'मिकाइफू' म्हणजे न उघडलेला, 'काइफू' म्हणजे उघडलेला, 'जंक' म्हणजे बिघडलेला आणि परत न घेतला जाणारा. फोनचं भाषांतर अ‍ॅप कॅमेऱ्यानं चिठ्ठी वाचतं. खोका दबलेला असला तर किंमत बरीच उतरते. काचेच्या कपाटात मांडूनच ठेवायची असेल तर असाच माल घ्या. उघडलेल्या फिगरमध्ये हातांचे जोड, तलवार-छत्रीसारखे सुटे भाग आणि तळाचा स्टँड आहे का, हे काउंटरवर विचारूनच पैसे द्या. स्वतः खोका उघडू नका आणि दुकानात न विचारता फोटो काढू नका.

या वस्तूंत पैसे बुडण्याची कारणं ठरलेली आहेत. निन्टेंडो स्विच २ हा गेम कन्सोल जपानमध्ये २०२५ मध्ये ४९,९८० येनला निघाला आणि स्वस्त दिसतो, पण ती आवृत्ती फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावरच चालते. घेऊ नका. स्विचच्या गेम कॅसेटना देशाचं बंधन नाही, मात्र खोक्यामागे इंग्रजी भाषा आहे का बघा. ब्लू-रेचा विभाग जपानचा 'ए' आणि आपला 'सी', डीव्हीडीचा त्यांचा २ आणि आपला ५, त्यामुळे आपल्या प्लेअरवर चालत नाहीत. जुने गेम कन्सोल, भात शिजवायचं भांडं, केस वाळवायचं यंत्र १०० व्होल्टवर चालतं. आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत थेट लावलं की अ‍ॅडॉप्टर जळतो, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. उलट तुमचे फोनचे चार्जर तिथे चालतील, फक्त दोन चपट्या दांड्यांचा जोड न्या.

मांगाच्या एका खंडाचं वजन १५० ते २०० ग्रॅम असतं. बुक-ऑफ या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जुने खंड शंभर-सव्वाशे येनपासून मिळतात म्हणून पंचवीस उचलले की चार-पाच किलो झालेच. १८ वर्षांवरच्यांसाठी असलेले मजले पाटी लावून वेगळे असतात, तिथला अश्लील माल भारतात आणायला कायद्यानं बंदी आहे. खेळण्यातल्या बंदुका आणि तलवारीही टाळा, विमानतळावर अडवल्या जाऊ शकतात.

खाणं

शाकाहारी जोडप्याला मुख्य अडचण माशाच्या रसाची, 'दाशी'ची. मिसो सूप, उदोन नूडल्स आणि भाज्यांच्या वाटीतही तो असतो, वर मांस दिसत नाही म्हणून फसगत होते. कोको इचिबान्या या साखळीच्या बऱ्याच शाखांत शाकाहारी करी-भात मिळतो, ऑर्डर देताना तसं स्पष्ट सांगा. चारही शहरी बाजारांजवळ भारतीय आणि नेपाळी खाणावळी आहेत. खरेदीच्या दिवशी दुपारचं जेवण एक वाजता न करता साडेअकराला, दुकानं उघडायच्या आत उरका.

करमाफी

जपानचा उपभोग कर १० टक्के आहे. एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची खरेदी ५,००० येन झाली की परदेशी पर्यटकाला तो माफ होतो. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पासपोर्ट दाखवून दुकानातच कर वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी करासह पैसे भरायचे, आणि देश सोडताना विमानतळावर सीमाशुल्काची तपासणी झाल्यावर कर परत मिळायचा. म्हणजे खरेदी केलेला माल चेक-इन करण्याआधी दाखवता आला पाहिजे. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

दोघांची बिलं एकत्र करून ५,००० चा आकडा गाठता येत नाही. ज्याचा पासपोर्ट, त्याचीच खरेदी आणि त्याचंच कार्ड. म्हणूनच वर दोन कार्डं सुचवली. मूळ पासपोर्ट रोज जवळ ठेवा, परदेशी माणसानं तो बाळगणं तिथे कायद्यानंही बंधनकारक आहे. करमाफीचा माल पोस्टानं घरी पाठवून सवलत घ्यायची सोय १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे, तो बरोबरच न्यावा लागतो. तसंही पार्सलवर भारतात शुल्क बसतं आणि प्रवाशाची सूट त्याला लागू होत नाही.

बॅग बांधणं आणि घरापर्यंत नेणं

जाताना एका मोठ्या बॅगेत दुसरी मधली बॅग रिकामी घालून न्या. फिगर प्लास्टिकच्या साच्यासकट खोक्यातच राहू द्या. खोका बॅगेच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी कपडे, आणि कोपऱ्यांवर मोजे. पुस्तकं तळाला, चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर खोक्यांवर वजन येत नाही. हस्तचित्रं, कार्डं आणि सगळ्यात महागडी फिगर हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि जपानी कंपन्यांच्या विमानांत ती डोक्यावरच्या कप्प्यातही न ठेवता जवळ बाळगायला सांगतात.

मुंबईत उतरल्यावर सीमाशुल्काची सूट माणशी मोजली जाते आणि नवरा-बायकोची एकत्र धरता येत नाही. त्यामुळे एकाच्या बॅगेत सगळा महाग माल कोंबू नका. प्रत्येकाच्या वस्तू त्याच्याच नावाच्या बिलांसह त्याच्याच बॅगेत ठेवा. त्या वेळची मर्यादा निघण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मुंबईहून सातारा साधारण २५० किलोमीटर आणि सांगली ३७५. ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॅगा एकमेकींवर रचतात आणि आत उष्णता कोंडते, फिगरना दोन्ही वाईट. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सातारा आणि सांगली दोन्हीकडे थांबते, बर्थखाली बॅग सरळ राहते. स्वतःची गाडी असेल तर मे महिन्यात जेवणाला थांबताना बॅग उन्हातल्या गाडीत सोडू नका. फिगरचं पीव्हीसी उष्णतेनं मऊ होतं, पाय वाकतात आणि फिगर पुढे झुकते. झुकलीच तर तो भाग कडकडीत नसलेल्या गरम पाण्यात मिनिटभर धरा, हलक्या हातानं सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा.

घरी पोचल्यावर खोक्यातली हवा कोंडून राहिली तर काही महिन्यांनी फिगरवर चिकटपणा येतो, तो प्लास्टिकमधून सुटणारा तेलकट द्रव असतो. कोमट पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून मऊ ब्रशनं धुवा, पंख्याखाली वाळवा आणि अधूनमधून हवा लागेल अशा, उन्हाच्या खिडकीपासून लांबच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात त्या कपाटात सिलिका जेलच्या चार पुड्या टाका.